चाक मोडेल तेव्हा

शोरूममध्ये मॉडेल ठरतं, रंग ठरतो, कर्जाचा हप्ता ठरतो आणि मग विक्रेता जाता जाता विचारतो, "सर, स्पोक की अलॉय?" रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्यायला गेलात तर हा प्रश्न हमखास समोर येतो. इंजिन तेच, सांगाडा तोच. पण काही रंगांत तारांची चाकं नि ट्यूबवाले टायर, तर काही रंगांत ओतीव अलॉय चाकं नि ट्यूबलेस टायर. किमतीतही फरक. सोबत आलेला मेव्हणा म्हणतो, "अलॉयच घ्या, मजबूत असतं." ओळखीतला जुना बुलेटवाला म्हणतो, "स्पोकशिवाय बुलेट म्हणजे मिशीशिवाय फौजदार." बुलेटवाल्याचं मत आवडीचं आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मेव्हण्याचं मत मात्र तपासून घ्यायला हवं, कारण गल्लोगल्ली तेच ऐकू येतं.

कुठलं चाक मजबूत, हा प्रश्नच मला फारसा कामाचा वाटत नाही. चाचण्यांमधून पास होऊन आलेलं कुठलंही चाक रोजच्या ये-जा करण्याला पुरून उरतं. पण पावसाळ्यातल्या मुंबई-गोवा महामार्गावर रात्री पाण्यानं भरलेला खड्डा दिसत नाही, आणि पुढचं चाक थेट त्याच्या पलीकडच्या काठावर आदळतं. त्या क्षणी दोन्ही चाकं हार मानू शकतात, पण दोघांची तऱ्हा वेगळी. एक चाक वाकून चालत राहतं, दुसरं बराच वेळ काहीच दाखवत नाही आणि मग एकदम गाडी थांबवतं. विकत घेताना खरं तर ही तऱ्हा निवडायची असते. ती समजायची तर आधी चाकाच्या आत काय चाललेलं असतं ते बघायला हवं.

बैलगाडीच्या चाकात ओझं खालचा आरा पेलतो. चाकाच्या मधल्या तुंब्यावर आलेलं वजन, त्या वेळी जमिनीच्या बाजूला उभा असलेला आरा आपल्या अंगावर घेतो आणि दाबला जातो. म्हणून आरे जाड आणि बाभळीसारख्या टणक लाकडाचे. लोहार त्यावर धाव चढवतो ते तंत्र बघण्यासारखं आहे. लोखंडी पट्टीचं कडं लाकडी चाकापेक्षा किंचित लहान करायचं, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवून फुगू द्यायचं, सांडशीनं उचलून चाकावर बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. थंड होताना धाव आक्रसते, सगळे सांधे आवळते आणि प्रत्येक आरा तुंब्याच्या दिशेनं दाबून धरते. हे चाक रस्त्यावर येण्याआधीच दाबाखाली असतं.

तारेच्या चाकात सगळं याच्या उलट. मोटरसायकलच्या चाकातला स्पोक साधारण तीन-चार मिलिमीटर जाडीचा असतो. त्याला दोन टोकांनी दाबलं तर तो लगेच वाकेल. पण ओढलं तर शेकडो किलोंचा ताण सहज घेतो. म्हणून कारागीर प्रत्येक तार रिमकडच्या टोकाचं निपल फिरवून ताणून ठेवतो. हब मध्ये आणि सगळ्या बाजूंनी तारा त्याला रिमकडे खेचतायत, अशी ही रचना. गाडीचं वजन आलं की जमिनीलगतच्या तारांचा ताण कमी होतो, बाकीच्यांचा जवळपास तसाच राहतो. जोब्स्ट ब्रांट या अमेरिकी इंजिनिअरनं १९८१ साली 'द बायसिकल व्हील' या पुस्तकात हेच आग्रहानं मांडलं. हब वरच्या तारांना लटकलेला असतो, ही लोकप्रिय समजूत त्याला मान्य नव्हती. बदल घडतो तो खालच्या तारांमध्ये, आणि तोही ताण कमी होण्याचा. दाब असा त्या तारेवर कधी येतच नाही, कारण आधी भरलेला ताणच इतका असतो की वजनानं तो थोडा उणा होतो, संपत नाही.

ही कल्पना मोटरसायकलच काय, सायकलपेक्षाही जुनी आहे. इंग्लंडमधल्या जॉर्ज केली यानं १८०८ मध्ये ताणलेल्या तारांच्या हलक्या चाकाची कल्पना मांडली, तीही त्याच्या डोक्यातल्या उडत्या यंत्रासाठी. पुढे कोव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीनं १८७० मध्ये 'एरियल' ही उंच चाकाची सायकल आणली आणि १८७४ मध्ये तिरप्या तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं. आज तुमच्या गाडीच्या तारा हबमधून सरळ बाहेर न जाता एकमेकींना छेद देत तिरप्या जातात, ती त्याचीच देणगी. मागच्या चाकात साखळी हबला फिरवते, रिमला नव्हे. तारा सरळ असत्या तर हब रिमच्या आत थोडा पिळला गेला असता. तिरप्या तारांपैकी निम्म्या गाडी पळताना रिमला ओढून नेतात, उरलेल्या निम्म्या ब्रेक लागला की धरून ठेवतात. ड्रम ब्रेक असो वा डिस्क, ब्रेकचा सगळा जोर शेवटी या तारांमधूनच टायरपर्यंत पोचतो.

आता गॅरेजमध्ये कामाला येणारी गोष्ट. स्पोक घट्ट केल्यानं तुटतो, अशी अनेकांची समजूत असते. सहसा होतं उलटं, तुटतो तो ढिला झालेला. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा जमिनीजवळ येते आणि तिचा ताण उतरतो-चढतो. टायरचा घेर दोन मीटरच्या आसपास धरला तर एका किलोमीटरमध्ये हे ५०० वेळा, दहा हजार किलोमीटरमध्ये ५० लाख वेळा. तार नीट ताणलेली असेल तर हा चढउतार लहान राहतो. ढिली असेल तर ती प्रत्येक फेऱ्यात पूर्ण सैल पडते आणि मग झटक्यानं ताणली जाते. असे लाखो झटके बसले की हबजवळ, जिथे तारेला कोपरासारखा बाक दिलेला असतो, तिथे ती थकते आणि तुटते. एक तुटली की तिचं ओझं शेजारणींवर जातं. म्हणून नवी स्पोकवाली गाडी घेतली की पहिल्या सर्व्हिसला तारा तपासून घ्याच. नवीन चाकात तारांची डोकी हबच्या भोकांत बसतात, निपल रिममध्ये बसतात आणि थोडा ताण आपोआप उतरतो. सर्व्हिसिंगच्या यादीत ही ओळ असते. गाडी नुसती धुऊन परत मिळाली असेल तर ती ओळ कुणी वाचलेली नसते.

चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढणारा जुना माणूस काम करताना बघा. तो चाक स्टँडवर चढवतो, हातानं एक फेरा देतो आणि पान्याची मूठ किंवा खिळा तारांना घासत नेतो. टण, टण, टण, मध्येच एखादी थड. थड वाजली ती ढिली. मग खडूचा तुकडा रिमच्या अगदी जवळ, बोट फोर्कला टेकवून स्थिर धरतो आणि चाक हळू फिरवतो. रिम जिथे बाहेर येते तिथे खडूची रेघ उमटते, बाकी ठिकाणी नाही. रेघ डावीकडे आहे म्हणजे रिम डावीकडे गेली आहे. मग तिथल्या उजव्या बाजूच्या तारा पाव फेरा कसायच्या, डाव्या बाजूच्या तितक्याच सैल करायच्या. पुन्हा फेरा, पुन्हा रेघ, आधीपेक्षा लांब आणि फिकट. लांब होतेय म्हणजे जमतंय. डाव्या-उजव्या बाजूचा आऊट निघाला की वर-खालचा काढायचा, आणि तो काढताना पहिला थोडा परत येतो. बहुतेक जपानी कंपन्यांच्या सर्व्हिस पुस्तिकांत दोन्ही दिशांना २ मिलिमीटरची मर्यादा दिलेली असते; चांगला कारागीर त्याच्या बराच आत आणून ठेवतो. तारांची सुटलेली जास्तीची टोकं निपलच्या वर आली तर ती घासून टाकतो, नाहीतर ती ट्यूबला टोचतात. शेवटी रिमच्या पोटावर रबरी पट्टी.

हे काम शिकायला वेळ लागतो आणि त्याचे पैसे फार मिळत नाहीत. पुण्यात नाना पेठेत दुचाकीचे सुटे भाग मिळणाऱ्या गल्ल्यांत विचारलंत तर कुणीतरी असा माणूस दाखवतोच. पण नव्या चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये हा हात क्वचित सापडतो, आणि स्पोक घेणाऱ्यानं हे आधीच हिशेबात धरावं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. "स्पोकवाली गाडी मऊ चालते, धक्के पितात तारा," असं सर्रास म्हणतात. बारीक धक्के पितो टायर, मोठे पितात शॉकअब्सॉर्बर. नीट ताणलेलं तारांचं चाक वर-खालच्या दिशेनं इतकं ताठ असतं की त्याची लवचीकता टायरच्या तुलनेत नगण्य. मऊपणा जाणवतो त्याचं श्रेय बहुधा मोठ्या घेराच्या चाकाला आणि उंच टायरला द्यायला हवं. तारांचा खरा गुण सहन करण्याची हद्द ओलांडल्यावर दिसतो. लोखंडी रिम वाकते, तिला चेपा पडतो, दोन तारा तुटतात, बाकी तीस-पस्तीस चाकाला धरून ठेवतात. गाडी डुलत, ब्रेक कुरकुरत, पण पुढच्या गावापर्यंत जाते. आत ट्यूब असल्यामुळे रिमचा काठ वाकडा झाला तरी हवा जात नाही. मग तिथला सायकलवालासुद्धा हातोडी, लाकडाचा ठोकळा आणि निपलचा पाना घेऊन तिला घरी पोचण्याइतकी सरळ करतो.

ओतीव चाकाचा जन्म भट्टीत होतो. त्यासाठीच्या प्रचलित मिश्रधातूत ॲल्युमिनियमसोबत सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि अगदी थोडं, ०.३ टक्क्याच्या आसपास, मॅग्नेशियम असतं. सिलिकॉनमुळे वितळलेला धातू पातळ होऊन साच्याच्या कोनाकोपऱ्यात नीट पोचतो. मॅग्नेशियमचं काम नंतर सुरू होतं. ओतून, थंड करून बाहेर काढलेलं चाक तुलनेनं मऊच असतं. त्याला ५४० अंश सेल्सियसच्या आसपास काही तास तापवतात, मग झटकन पाण्यात बुडवतात आणि पुन्हा साधारण १६० अंशांवर काही तास ठेवतात. या शेकण्यात धातूच्या आत मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि तेच धातूला ताकद देतात. म्हणजे अलॉय चाकाची ताकद जितकी त्याच्या आकारात, तितकीच या भट्टीच्या वेळापत्रकात. हे लक्षात ठेवा, दुरुस्तीच्या वेळी कामाला येईल.

रस्त्यावरच्या मोटरसायकलला ओतीव चाकं आली ती १९७० च्या दशकात. यामाहाची आरडी ४०० ही १९७६ ची गाडी ओतीव चाकांवर उभी होती. होंडानं मधला मार्ग काढला. १९७७ च्या सीबी ७५० एफ-२ वर त्यांची 'कॉमस्टार' चाकं होती, म्हणजे रिम वेगळी, दाबून घडवलेले पत्र्याचे आरे वेगळे, आणि सगळं रिव्हेटनं जोडलेलं. आपल्याकडे मात्र १९८३ ची राजदूत ३५० यामाहाच्या आरडी ३५० वरून घेतलेली असूनही तारांवरच धावली. १९८५ ची हिरो होंडा सीडी १०० तारांवर, आरएक्स १०० तारांवर, आणि २००१ मध्ये बजाज पल्सर आली तीही सुरुवातीला तारांवर. पुढच्या काही वर्षांत मात्र चित्र झपाट्यानं पालटलं आणि अलॉय चाकं शंभर सीसीच्या गाड्यांपर्यंत उतरली. गॅरेजवाले त्यांना आजही 'मॅग व्हील' म्हणतात, जरी खरी मॅग्नेशियमची चाकं शर्यतीच्या महागड्या गाड्यांवरच दिसतात.

कंपन्यांनी अलॉयकडे धाव घेतली ती फक्त देखणेपणासाठी नव्हे. तारांच्या चाकात हब, रिम, ३६ किंवा ४० तारा, तितकीच निपलं, आणि ते सगळं गुंफून, ताणून, आऊट काढायचा. ओतीव चाक साच्यातून एका तुकड्यात निघतं, यंत्रावर बेअरिंगची आणि डिस्कची जागा घासून घेतली, रंगवलं, की झालं. तपासायचं तेही एकाच तुकड्याचं. बाजूच्या दिशेनं ते तारांच्या चाकापेक्षा ताठ असतं, म्हणून वळणात वेगानं झुकवलेली गाडी जास्त नेमकी वाटते. आणि त्याला भोकं नसतात. माझ्या मते या एका गोष्टीनं बाजार फिरवला.

साध्या स्पोकच्या रिमला प्रत्येक तारेसाठी एक भोक असतं, आणि ते रिमच्या पोटातून आरपार जातं. हवा त्यातून निसटणारच, म्हणून आत ट्यूब लागते. ट्यूबमध्ये खिळा शिरला की तो पातळ रबराला फाडत जातो; हवा ट्यूबमधून सुटते आणि तारांच्या भोकांतून, वाल्वच्या भोकातून भराभर बाहेर पडते. ऐंशीच्या वेगात पुढचा टायर असा बसला तर हँडल सांभाळणं ही साधी गोष्ट नसते. ट्यूबलेस टायरच्या आतल्या बाजूला हवा न सोडणाऱ्या रबराचा जाड थर असतो. खिळा घुसला तरी रबर त्याला आवळून धरतं आणि हवा तासन्‌तास हळूहळू जाते. बऱ्याचदा सकाळी टायर थोडा बसलेला दिसतो तेव्हाच कळतं.

दुरुस्तीतही तोच फरक. ट्यूबलेसचं पंक्चर चाक न काढता निघतं. टोच्यानं भोक मोकळं करायचं, चिकट रबरी दोरी आत घालायची, वरचं टोक कापायचं, हवा भरायची. दहा मिनिटांचं काम, आणि थोडा सराव असेल तर आपलं आपण. ट्यूबवाल्या मागच्या चाकाचं पंक्चर म्हणजे गाडी मधल्या स्टँडवर, ॲक्सल सोडा, साखळी उतरवा, ब्रेकचा दांडा सोडा, टायरचा काठ पायानं दाबून रिमपासून सुटा करा, लिव्हर घालून उपसा, ट्यूब काढा, पाण्यात बुडवून भोक शोधा, आणि परत बसवताना लिव्हरच्या चिमट्यात ट्यूब येऊन नवीन भोक पडलं नाही ना, याची धाकधूक. जुन्या स्कूटरवाल्यांना हा त्रास नव्हता, त्यांच्याकडे स्टेपनी होती. चार-पाच नट सोडले की चाक बदललं. मोटरसायकलला स्टेपनी कधीच नव्हती. म्हणूनच 'स्पोक की अलॉय' हा प्रश्न बहुतेकांच्या बाबतीत 'ट्यूब की ट्यूबलेस' एवढाच असतो. शोरूममध्ये तो असा विचारला जात नाही, इतकंच.

आता अलॉयची दुसरी बाजू. तो खड्ड्याचा काठ अलॉयवर आदळला, टायरमध्ये हवा कमी होती, तर रिमचा काठ आत वळतो. चाक गोलच असतं, फक्त दोन बोटं रुंदीची एक जागा चेपलेली. पण ट्यूबलेस टायर हवा धरतो ती टायरच्या काठाच्या आणि रिमच्या घट्ट मिठीवर. ती मिठी तिथे सुटते आणि हवा निघून जाते. खिळ्याचं भोक दोरीनं बुजतं, ही फट बुजत नाही. त्याहून वाईट म्हणजे भेग. पोलाद ठरावीक मर्यादेच्या आतले धक्के कितीही वेळा खाऊ शकतं. ॲल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. लहान धक्केसुद्धा साठत जातात. एखाद्या जुन्या आदळण्यातून केसाएवढी भेग सुरू झाली तर ती रंगाखाली लपून वाढत राहते. चाकाचा आरा जिथे बाहेरच्या कड्याला मिळतो, त्या कोपऱ्यात बोटानं आणि डोळ्यांनी तपासत जा. सेकंडहँड गाडी घेताना तर नक्की.

शहरात 'अलॉय व्हील बेंड काढून मिळेल' असे फलक दिसतात. काठाचा थोडासा बाक हायड्रॉलिक प्रेसवर थंड असताना सरळ केला, तर रोजच्या वापरात तो टिकलेला दिसतो. पण गॅस कटरची ज्वाला धरून, धातू खूप तापवून ठोकलेलं चाक मी कुणालाही वापरू देणार नाही. १६० अंशांवर तासन्‌तास शेकून आलेली ताकद त्या ज्वालेत काही मिनिटांत निघून जाते. भेगेवर वेल्डिंग केलं तरी तेच. जोड भक्कम दिसतो, त्याच्या शेजारचा पट्टा मऊ पडलेला असतो. कंपन्यांचं धोरण म्हणून सरळ असतं: चाक बदला. नव्या चाकाची किंमत ऐकल्यावर माणूस वेल्डिंगवाल्याकडे का जातो, तेही समजतं.

वजनाबद्दल थोडक्यात. अलॉय हलकं असतं, हे सरसकट खरं नाही. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश, पण ओतीव चाकाला ताकदीसाठी जाड भिंती लागतात. क्रोम केलेल्या लोखंडी रिमचं तारांचं चाक आणि साधं ओतीव चाक बऱ्याचदा वजनाला आसपासच असतात. ॲल्युमिनियमची रिम आणि तारा अशी जोडी मात्र खरोखर हलकी, म्हणून मोटोक्रॉसच्या गाड्यांवर तीच दिसते. चाकाच्या कडेचं वजन वाचवलं तर फायदा दुप्पट होतो, कारण तिथला प्रत्येक किलो पुढेही न्यावा लागतो आणि गरगर फिरवावाही लागतो.

गंजाचं वेगळं. कोकणात, गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्यांना क्रोम रिमची व्यथा सांगायला नको. निपलच्या मुळाशी खारं पाणी अडकतं, पांढुरकी-तांबडी पूड येते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत निपल इतकं जाम होतं की पाना लावला की तारच पिळवटते. मग आऊट काढता येत नाही, सगळ्या तारा बदलाव्या लागतात. स्टेनलेस तारा मिळतात, घ्याव्यात. अलॉयचा रंग उडाला की तोही पांढरट डागाळतो, पण त्यानं चाकाच्या कामात सहसा अडचण येत नाही. धुवायला तर अलॉय सोपंच. तारांमध्ये फडकं घालून चाळीस वेळा पुसण्याची हौस ज्याला आहे त्यानं ती जरूर करावी.

मग घ्यावं काय? रोज चाळीस-पन्नास किलोमीटर शहरात किंवा महामार्गावर चालवणार असाल, डोक्यात खिळ्यांचीच काळजी असेल, तर अलॉय घ्या आणि दर आठवड्याला, टायर गार असताना, हवा तपासा. अलॉयचे निम्मे बाक हवा कमी असल्यामुळे येतात असं मला वाटतं. पूर्ण हवेचा टायर खड्ड्याचा काठ रिमपर्यंत पोचू देत नाही. शेताच्या बांधावरून, खडीच्या रस्त्यावरून, नदीच्या गोट्यांवरून गाडी न्यायची असेल, तर तारा. डाकारसारख्या रॅलीत हिरोच्या गाड्याही तारांच्या चाकांवरच धावतात, आणि आत हवेऐवजी फोमचं कडं भरलेलं असतं, म्हणजे पंक्चर हा प्रश्नच मिटला. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ मध्ये २१ इंची तारांचं पुढचं चाक घेऊन आली, हिरोची एक्सपल्स २०० तीच वाट चालली, ते याच कारणासाठी. दरवर्षी महाराष्ट्रातून लडाखला जाणाऱ्यांनी मात्र एक विचार करावा: तिथल्या रस्त्यांचा बराच भाग आता डांबरी आहे, पण पंक्चरवाला कधीकधी शंभर किलोमीटरवर असतो. तिथे तारांची मजबुती हवी की ट्यूबलेसची सोय, याचं उत्तर तुम्ही मळलेली वाट सोडणार का, यावर आहे.

दोन्ही हवं असेल तर तेही मिळतं, पैसे मोजायची तयारी हवी. बीएमडब्ल्यूनं १९८७ च्या आर १०० जीएसवर तारा रिमच्या पोटात न घालता तिच्या दोन कडांना जोडल्या. पोट बंद राहिलं, म्हणून टायर ट्यूबलेस. आता हिमालयन ४५० ला ट्यूबलेस तारांच्या चाकांचा पर्याय मिळतो. साध्या स्पोकच्या रिमला आतून सीलंट लावून, टेप चिकटवून ट्यूबलेस करणारेही आहेत. त्यांच्याकडे जाण्याआधी रिमवर कोरलेली अक्षरं वाचा. 'एमटी' असेल तर त्या रिमला आत उंचवटा असतो, जो हवा गेल्यावरही टायरचा काठ घसरू देत नाही. 'डब्ल्यूएम' असेल तर तो उंचवटा नाही. अशा रिमवर नुसती हवा कोंडून भागत नाही. टायर बसला की काठ सुटून रिममध्ये घसरू शकतो, आणि ते पंक्चरपेक्षा भयंकर.

बाहेरून चाकं विकत घेऊन बदलणार असाल तर दुकानदार फक्त इंच विचारतो. तुम्ही बाकीचं विचारा. मागच्या हबमधले रबर त्यात बसतात का? साखळीचा झटका तेच पितात. डिस्कचे बोल्ट जुळतात का? एबीएसची दातेरी कडी बसवायला जागा आहे का, आणि सेन्सरपासून तिचं अंतर जेमतेम मिलिमीटरभर राखता येतं का? ही कडी जुळली नाही तर एबीएसचा दिवा पेटून राहतो आणि ती यंत्रणा बंद पडते; १२५ सीसीवरच्या गाड्यांना ती २०१९ पासून सक्तीची आहे, ती उगाच नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करायला मनाई आहे, म्हणून चाकाचं माप बदलणं टाळलेलं बरं. कंपनीनं त्याच मॉडेलला दिलेली दुसरी चाकं घेणं हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग.

आणि अलॉयवाल्यांनी लांबच्या प्रवासात दोरीच्या किटसोबत एक ट्यूबही बांधून घ्यावी. काठ वाकून हवा निघून गेली तर ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालता येते. वाल्व काढून त्याच भोकातून ट्यूबचा वाल्व बाहेर काढायचा, चेपलेला काठ ट्यूबला कापणार नाही इतका घासून घ्यायचा, आणि सावकाश मुक्काम गाठायचा. एकच ट्यूब ठेवायला जागा असेल तर पुढच्या चाकाच्या मापाची ठेवा. मोठ्या घेराची बारीक ट्यूब मागच्या रुंद टायरमध्ये तात्पुरती कोंबता येते. मागची जाड ट्यूब पुढे जात नाही.